अंडीवालीचं पुढं काय झालं

त्या उत्तराला उत्तर आलं, तिथेच सगळं बिनसलं. खरं म्हणजे त्याला उत्तर द्यायचंच नसतं. कुरामोची मिझुहोनं ते सकाळी आल्या आल्या, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवायच्याही आधी, सवयीनं पाठवून दिलं होतं. ‘आमच्या चित्रकथेवर आपण दाखवलेल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. वैयक्तिक विचारणांना उत्तर देणं आम्हाला शक्य होत नाही. कृपया समजून घ्यावं.’ झालं, एवढंच. प्रकाशनाच्या कायदा विभागात इतकी वर्षं काढून तिनं हे उत्तर किती जणांना पाठवलं असेल देव जाणे, आणि प्रत्येकानं जे समजून घ्यायचं ते बरोबर समजून घेतलं होतं. कंपनीनं हो म्हटलेलं नाही. नाही म्हटलेलं नाही. कंपनीनं तोंड तिकडं फिरवलंय, तेव्हा बाळा, तू आपलं पुस्तक गुपचूप काढ, चाहत्यांच्या मेळ्यात टेबल मांडून वीक, फक्त फार गाजावाजा करू नकोस. दुसऱ्याच्या चित्रकथेतली माणसं घेऊन आपल्या मनाची गोष्ट काढणारी हजारो माणसं या देशात अशीच जगत होती, त्यातली निम्मी पुढे स्वतःच चित्रकार होत होती, आणि कंपन्यांनाही ते ठाऊक होतं. या सगळ्या कारभाराचा एकच न लिहिलेला नियम होता, तो म्हणजे विचारायचं नाही. विचारलंस की आम्हाला ऐकू येणार, आणि ऐकू आलं की काहीतरी म्हणावं लागणार. शाळेतल्या पोरींनाही हे कळतं. आणि दुपारी, मिझुहोनं डब्याचं झाकण उघडून भातावरचं उमेचं खारवलेलं आंबट फळ चॉपस्टिकनं बाजूला सारलं, तेवढ्यात पडद्यावर ते आलं.

‘आमच्याकडे वळचणीला सामन मासे वाळत टांगायला सुरुवात झाली आहे. आपल्याकडेही गारवा वाढला असेल. आपलं उत्तर मिळालं. माझ्या अडाणीपणामुळे आपल्याला त्रास झाला, त्याबद्दल क्षमा असावी. इंटरनेटवरच्या दुकानातून पुस्तिका ताबडतोब काढून टाकली आहे. छापलेल्या प्रती सुतळीनं बांधून ठेवल्या आहेत. गुरुवारी आमच्या गल्लीत रद्दीची गाडी येते, तिच्यात देईन. पत्नीच्या वतीनंही क्षमा मागतो.’ खाली नाव, इवाबुची शोझाबुरो, माजी केशकर्तनकार, गाव मुराकामी, आणि घरचा फोन नंबर.

मिझुहोनं डबा बंद केला. तिला भूक नव्हती असं नव्हे, पण त्या सुतळीनं तिची भूक घालवली. सुतळी कशी बांधलेली असेल ते तिला दिसलं, आडवी-उभी, मध्ये घट्ट गाठ, उरलेली टोकं कात्रीनं नीट कापलेली, कारण न्हावी माणूस टोकं लोंबत कशी ठेवील? त्यानं ‘नाही’ ऐकलं होतं. तिनं न म्हटलेलं ‘नाही’ त्यानं ऐकलं होतं आणि वर तिचीच क्षमा मागितली होती. आणि पत्नीच्या वतीनं म्हणजे काय? तिचा काय संबंध? मग तिला आठवलं की मूळ पत्र आपण पहिल्या चार ओळींपुढे वाचलेलंच नाही. ‘परवानगी’ हा शब्द दिसला आणि बोट आपोआप त्या ठरलेल्या उत्तराकडे गेलं. काय ही सवय तरी! तिनं ते शोधून काढलं आणि आता सावकाश, कुणी खांद्यावरून बघतंय की काय अशी मान आखडून, वाचलं. ‘दिव्याचं बेट’ ही कंपनीची सगळ्यात जुनी चित्रकथा. तिच्या सुरुवातीच्या भागात कुठेतरी धक्क्यावर उकडलेली अंडी विकणारी एक बाई येते. एकाच चौकटीत. नायकाची बोट चुकते आणि ती म्हणते, ‘पुढची बोट उद्या.’ संपलं, पुन्हा ती कधी दिसत नाही. इवाबुचींच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी चित्रकथांची साप्ताहिकं ठेवलेली असायची, आणि त्यांची बायको सुमी दुपारी दुकान रिकामं झालं की बाकावर बसून ती वाचायची. तिनं ती बाई मनावर घेतली. दर आठवड्याला नवा अंक आला की आधी पानं चाळून बघायची, आली का माझी अंडीवाली? नाही आली की नाराज. मग तीच सांगायला लागली. दाढीला बसलेल्या माणसाला हलता तर येत नाही, तो बिचारा ऐकायचा. अंडीवालीनं एक दिवस उरलेली अंडी फडक्यात बांधली आणि लोकांना उद्याची बोट सांगायची सोडून स्वतःच आजच्या बोटीत चढली. पलीकडच्या किनाऱ्यावर उतरली. बोटीची वेळ विचारायला म्हणून एका न्हाव्याच्या दुकानात शिरली, आणि तिथंच राहिली. ‘मी तेव्हा हसत असे,’ इवाबुचींनी लिहिलं होतं. ‘मागच्या वर्षी ती गेली. मला चित्र येत नाही. पण कात्री चालवलेला हात आहे, रेषा सरळ येते. तिनं सांगितलं तसं सगळं काढलं आहे. तिच्या जुन्या गिऱ्हाइकांना, म्हणजे माझ्या, ते हवं आहे. छापून घेतलं आहे, इंटरनेटवरच्या दुकानातही मांडलं आहे, पण अजून एकही प्रत दिलेली नाही. कोणाची वस्तू घेताना विचारून घ्यावी, म्हणून विचारतो.’

मिझुहो उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. कोणाची वस्तू घेताना विचारून घ्यावी. हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, माएबाशीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीत, जिथं टर्पेंटाइनचा वास पडद्यांतही मुरलेला होता. तिची मैत्रीण नात्सुए टेबलावर मांडी घालून बसली होती, बोटं शाईनं काळी, नाकावरही एक ठिपका, आणि तिच्या मांडीवर त्या दोघींनी मिळून काढलेल्या पुस्तकाची पानं होती. गोष्ट मिझुहोची, हात नात्सुएचा. काय हात होता तो! नुसती मान वळवलेली पोर काढली तरी ती कुणाला तरी शोधतेय हे कळायचं. आणि नात्सुए म्हणाली होती, “पण त्यांची माणसं आहेत ना गं ही? विचारल्याशिवाय कसं?” मिझुहो ओरडलीच होती, “विचारू नकोस, बावळट! कोणी विचारत नाही!” नात्सुएनं मान डोलावली. आणि घरी जाऊन विचारलं. दुसऱ्या एका प्रकाशनाकडून उत्तर आलं, पानभर, शिक्क्यानिशी, सभ्य आणि थंडगार नकार. नात्सुए रडली नाही की चिडली नाही. तिनं आपल्या सगळ्या निब पुसून डबीत घातल्या आणि ती डबी मिझुहोच्या दप्तरात टाकली. “तू काढ. तुला विचारावंसं वाटत नाही, तर तू काढ.” मिझुहोनं काढलं, खोट्या नावानं, दोन-तीन वर्षं, आणि तिची चित्रं कधीच धड झाली नाहीत. मग ती कायदा शिकायला गेली. का गेली ते कोणी विचारलं की ती काहीतरी ठोकून द्यायची, नोकरी पक्की, पगार बरा. नात्सुए आता माएबाशीतच डब्यांचं दुकान चालवत होती, तळलेल्या कोंबडीचे डबे, आणि दोघींचं वर्षातून एखाददा बोलणं व्हायचं, हवापाण्याचं, गुडघ्यांचं.

विभागप्रमुख ओबाता घशाच्या गोळ्या चघळत ऐकून घेत होता. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही भानगडीचा वास आला की त्याचा घसा खवखवायला लागायचा. “अहो कुरामोचीसान, हे लोक विचारतात कशाला?” तो कळवळून म्हणाला. “न विचारता विकलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं असतं?”

“त्यांना ती पद्धत ठाऊक नाही.”

“मग आता काय करायचं म्हणता? हो म्हणायचं? आज त्या म्हाताऱ्याला हो म्हटलं की उद्या कोणीतरी त्याच बाईचं घाणेरडं काहीतरी काढून हजार प्रती विकणार, आणि वर आपल्याला विचारणार, त्यांना चालतं, मला का नाही? आणि नाही म्हटलं, तर तो मेळ्यातला पोरापोरींचा सगळा बाजार आपण उठवायला हवा. एकाला नाही आणि बाकीच्यांकडे डोळेझाक, हे कोर्टात कसं दिसेल? म्हणून आपण गप्प बसतो. गप्प बसण्यानंच सगळ्यांचं चाललंय.”

“पण आपण गप्प कुठं बसलो?” मिझुहो म्हणाली. आपला आवाज जरा चढलाय हे तिला कळलं, पण आता इलाज नव्हता. “उत्तर पाठवलं ना. ज्यांना आपली खूण कळते त्यांच्यासाठी ते गप्प बसणं आहे. जो सरळ माणूस आहे त्याच्या तोंडावर दार आपटलं आपण. म्हणजे या व्यवस्थेत मार खातो तो नेमका विचारणारा. मोठ्या कंपन्यांनी केव्हाच आपापल्या वेबसाइटवर लिहून टाकलंय, चाहत्यांनी काय केलेलं चालेल, काय नाही. आपण दरवर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.”

“त्याला मूळ चित्रकर्तीची संमती लागते. गेम काढणारे आहेत, मालिकावाले आहेत, प्रत्येकाचा हक्क आहे. डोक्याचा भुगा होतो.”

“होऊ दे,” ती म्हणाली, आणि तोंडातून निघून गेल्यावर तिलाच धस्स झालं. ओबातानं दुसरी गोळी सोलली. तो ना हो म्हणाला, ना नाही. सवय त्यालाही होतीच.

गुरुवार परवावर आला होता. कंपनीच्या नावानं ‘थांबा’ असं लिहायचं म्हणजे अर्धी परवानगी, लिहून ठेवलेली. तिनं जिन्यात जाऊन, दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर उभं राहून, त्या नंबरला फोन लावला. पलीकडे बराच वेळ वाजला. मग चपला फरफटत आल्याचा आवाज, आणि खाकरून, “इवाबुची.”

तिनं स्वतःची ओळख सांगितली. पलीकडे एकदम हालचाल झाली, म्हातारा फोनवरच कमरेत वाकला असावा. “अरेरे, तुम्ही कशाला फोन केलात! मी काढलं हो ते सगळं. दुकानातून काढलं. काही राहिलंय का?”

“नाही, नाही, राहिलं काही नाही. इवाबुचीसान, मी कंपनीतर्फे बोलत नाहीये. म्हणजे, मी काहीच सांगू शकत नाही.”

“बरं,” म्हातारा समजुतीनं म्हणाला. “मग काय सांगताय?”

मिझुहोला हसू आलं. “रद्दीची गाडी पुन्हा कधी येते?”

“पंधरवड्यानं. का?”

“या गुरुवारी गठ्ठा बाहेर ठेवू नका. पुढच्या खेपेला ठेवा. मग हवं तर ठेवा. का ते मला विचारू नका.”

मागे कुठेतरी किटलीची शिटी वाजत होती. “तोक्योतली माणसं फार अवघड बोलतात,” तो म्हणाला. “पण पुढची बोट उद्या, असंच ना? बसतो वाट बघत. सुमीला कधीच घाई नसायची.”

फोन ठेवून ती पायरीवर बसली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी उतरत आलं, “पोटात दुखतंय का?” म्हणून विचारून गेलं. नाही म्हणाली ती, आणि दुखत नव्हतंच. तिला उमगलं की आपण आजवर जे केलं ते सगळं तोंड फिरवण्याचं काम होतं, मान आखडली होती त्यानं. नात्सुएला आलेल्या त्या पानभर नकारावर सही करणारं कुणीतरी तिच्यासारखंच असणार, डबा खाता खाता, वाचता न वाचता. त्या माणसावर इतकी वर्षं दात धरून ती त्याच्याच खुर्चीत येऊन बसली होती. त्याला शिव्या तरी कशा द्यायच्या आता? बसून बसून पायरीचा गारठा चढला, तशी ती उठली आणि जागेवर जाऊन तिनं कोरी फाइल उघडली.

ते लिहिताना मात्र तिचा घाम निघाला. कायद्याची भाषा हाताशी होती, ती भराभर यायची, ‘उपरोक्त’ आणि ‘अन्यथा’ आणि ‘हक्क राखून’, आणि दर वेळी ती इवाबुचींच्या कानानं वाचायची की त्यातून पुन्हा ‘नाही’च ऐकू यायचं. तिनं सगळं पुसलं. तुम्ही आमच्या माणसांची गोष्ट आपल्या मनानं पुढे नेऊ शकता. हातानं काढलेली, थोड्या प्रती छापलेली पुस्तिका मेळ्यात किंवा इंटरनेटवर विकू शकता. आमची मूळ पानं जशीच्या तशी उचलू नका. कुणाचा अपमान होईल असं काढू नका. कंपनी म्हणून धंदा करायचा असेल तर मात्र आमच्याशी आधी बोला. आणि सगळ्यात खाली तिनं लिहिलं, इथं बसत असेल तर आम्हाला विचारण्याची गरज नाही, इथं बसतं की नाही कळत नसेल तर जरूर विचारा, आम्ही उत्तर देऊ. हे ‘उत्तर देऊ’ तिनं तीनदा काढलं आणि तीनदा पुन्हा घातलं. मग ते साध्या माणसाला कळतंय का हे बघायला तिनं, भलत्याच धिटाईनं, दुपारची गर्दी ओसरायच्या सुमाराला नात्सुएला फोन लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. म्हाताऱ्याचीही हकिकत सांगितली. पलीकडे तेल चुरचुरत होतं. “कळतंय का?” मिझुहोनं विचारलं.

“कळतंय,” नात्सुए म्हणाली. मग, “गिऱ्हाईक आलंय,” आणि फोन बंद. मिझुहो हातातल्या फोनकडे बघत बसली. कशाला वाचून दाखवलं? तिची जखम, आपण वर मीठ चोळायला गेलो. संध्याकाळभर ती स्वतःवर चरफडत राहिली.

ओबातानं मसुदा घरी नेला. दोन दिवस त्याचा घसा बसलेला होता. तिसऱ्या दिवशी तो तिच्या टेबलापाशी आला, इकडं तिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, “चित्रकर्तीकडे मी स्वतः जाऊन आलो. संपादकाला पाठवलं असतं तर त्यानं घोळ घातला असता.”

“आणि?”

“आधी म्हणाल्या, कुठली अंडीवाली? मी चौकट दाखवली. तर हसायला लागल्या. म्हणाल्या, बोट चुकली हे सांगायला कोणीतरी हवं होतं म्हणून काढली होती हो मी हिला. तिचं पुढं काय झालं हे कुणाला तरी पडलंय होय?” ओबाता नाक चोळत थांबला. “मग म्हणाल्या, मला ठाऊक नाही, त्यांना ठाऊक असेल तर त्यांनी सांगावं. आता गेमवाले आणि मालिकावाले. त्यांच्याशी मी भांडतो. तुम्ही भांडलात तर तुम्ही ‘होऊ दे’ म्हणाल.”

तो खरंच भांडला. कसा ते मिझुहोला पुरतं कधी कळलं नाही, फक्त बैठकीच्या खोलीच्या बंद दारामागून त्याचा घोगरा आवाज येत राहिला आणि गोळ्यांची पाकिटं संपत गेली. पंधरवडा सरत आला. एक वाक्य मालिकावाल्यांनी कापलं, एक गेमवाल्यांनी घातलं, पण शेवटची ओळ राहिली. पुन्हा गाडी यायच्या गुरुवारच्या आदल्या दुपारी ते पान वेबसाइटवर चढलं, आणि मिझुहोनं इवाबुचींना पत्र लिहिलं. ते ठरलेलं उत्तर नव्हतं. सुरुवातीला गिंकोच्या झाडांची पानं पिवळी झाल्याचं लिहिलं, मग पानाचा पत्ता दिला, आणि मग लिहिलं, आपण विचारलंत म्हणून हे झालं. सकाळी उत्तर होतं. ‘गाडी आत्ताच गेली. मी सुतळी सोडली आहे. सामन चांगला वाळला, एक पाठवला असता, पण कंपनीला चालतं की नाही ते त्या पानावर लिहिलेलं नाही.’ तिनं ते ओबाताला वाचून दाखवलं. ओबाता म्हणाला, “चालत नाही, पण अशी गोष्ट विचारावी का माणसानं!” आणि हसता हसता त्याला जोराचा ठसका लागला.

नात्सुएचा फोन त्यानंतर काही दिवसांनी, भर कामाच्या वेळेला आला. ती त्या वेळी कधीच करायची नाही. मिझुहो घाबरून जिन्यात पळाली. “काय गं, बरं आहे ना सगळं?”

“मी ते पुस्तक मागवलं,” नात्सुए म्हणाली. “न्हाव्याचं. अगं, काय वाईट चित्रं काढतो तो माणूस! सगळी माणसं कंगव्यासारखी ताठ. आणि मी दुकानात बसून रडतेय, गिऱ्हाइकं म्हणतायत, कांदा कापताय का?” ती थांबली. मागे तेल चुरचुरत नव्हतं, शांत होतं. “शेवटचं पान बघितलंस का? ती दुकानात शिरते आणि संपतं. पुढं नाहीच. सुमीबाईंनी तेवढंच सांगितलेलं दिसतंय. मला बाई राहवेना. तिनं अंड्यांची टोपली कुठं ठेवली असेल? आरशाखाली. तिथं कात्र्या असतात ना, त्या बाजूला सारून. ते मला दिसलं गं. अगदी स्वच्छ दिसलं.”

मिझुहोनं कठडा घट्ट धरला. “काढलंस?”

“छे. अजून नाही. त्यांची आहे ती बाई. तुमची थोडी, त्यांची जास्त. इंटरनेटवरच्या त्या दुकानाच्या पानावरून मी त्यांना निरोप पाठवून विचारलं.”

“विचारलंस?” मिझुहो जवळजवळ किंचाळली, आणि तिचं काळीज खाली, थेट माएबाशीच्या त्या खोलीत जाऊन पडलं. “अगं नात्सुए, कशाला विचारलंस?”

“विचारल्याशिवाय कसं?” नात्सुए म्हणाली. तोच सूर, तसाच. “उत्तर आलंय. मघाशीच. वाचू?”

“वाच.”

नात्सुएनं घसा साफ केला. शाळेत सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावल्यावर करायची तसाच.

“‘जरूर काढा. सुमीलाही विचारलं. तिची हरकत नाही.’”